आधी माल सांगा : आमची वाटचाल

आमच्या सस्पेन्शनच्या दुकानात शिरलं की डाव्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक पिवळ्या स्प्रिंगचा शॉकअप दिसतो. त्याच्यातून गळलेल्या तेलाचा ओघळ भिंतीवर वाळून काळा झालाय. दरवर्षी दसऱ्याला रंगकाम निघतं, तेव्हा तेवढी भिंत सोडायची असं मिस्त्रीकाकांना सांगून ठेवलंय. आम्ही बसवलेला तो पहिला कॉइलओव्हर, म्हणजे अंगावरच स्प्रिंग असलेला शॉकअप. परत आलेला.

पण सुरुवात त्याच्या बरीच आधीची आहे. नागपुरात अमरावती रोडवर वाडीला बाबांचं कमानीचं, म्हणजे ट्रकखालच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचं दुकान होतं. आजही मागच्या शेडमध्ये ते चालू आहे आणि खरं सांगायचं तर महिन्याचे पगार अजून तिथूनच निघतात. वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांचं गाव. तुटलेले सेंटर बोल्ट, बसलेल्या कमानी, बाक गेलेले पाटे, दिवसभर भट्टी आणि घणाचा आवाज. ट्रक दारात लागला की बाबा चाकाखाली वाकायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचे, "माल कोणता भरतोस बाप्पा? अन् जातोस कुठं?" उमरेडकडून कोळसा भरणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा, काटोल-वरुडची संत्री दिल्लीला नेणाऱ्या गाडीचा वेगळा. एकदा एका मालकानं संत्र्याच्या गाडीला दोन पाटे जास्तीचे चढवायचा हट्ट धरला. म्हणजे गाडी कधी बसायलाच नको. बाबा म्हणाले, "चढवून देतो न. पण दिल्लीत संत्रा नको उतरवू मंग, रस उतरवजो."

मी डिप्लोमा करून दुकानात आलो तेव्हा मला हे सगळं जुनाट वाटायचं. २०११ च्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची भारतातली पहिली शर्यत झाली, वेटेल जिंकला. दुकानातल्या टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. बाबांचा प्रश्न एकच होता, "याची कमान कुठं आहे?" ती अंगाच्या आत दडवलेली असते, तीही बहुतेक पिळाच्या दांडीच्या रूपात, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. रात्री बसून वाचलं. तिथून नाद लागला.

पुढच्या काही वर्षांत कर्ज काढून अलाइनमेंटचं मशीन आणलं आणि पुढच्या शेडमध्ये कार कामाला घ्यायला सुरुवात केली. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. नागपूरचे स्पीडब्रेकर आणि सिमेंट रस्त्यांचे जोड आमच्या बाजूने होते. धंदा चालला.

मग धरमपेठेतले एक डॉक्टर आले. गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएस ताकदीची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वर्षातून एकदोनदा जायचे. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, नागपूरहून ४४ नंबरच्या हायवेने हैदराबाद करत अकराशेच्या आसपास किलोमीटर. म्हणाले, "दादा, वळणावर गाडी फार झुकते. कॉइलओव्हर टाकून द्या." कॉइलओव्हर म्हणजे काय हे मला पुस्तकी माहीत होतं: शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग, अंगाला आटे, आट्यावरची चकती फिरवली की गाडी खालीवर. मी इंटरनेटवर बसून बजेटमध्ये बसणारा, सगळ्यात कडक स्प्रिंगचा सेट मागवला. पुढे १० के. आमच्या धंद्यात ‘के’ म्हणजे किलो प्रति मिलिमीटर; १० के म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दहा किलो भार लागतो. कडक म्हणजे रेसिंगचं, एवढीच माझी अक्कल. चकती तळाला नेली, चाक आणि मडगार्डमध्ये बोट जाईना. फोटो झकास आले.

ट्रॅकवर मी सोबत होतो. डॉक्टर आधीच्या वर्षी कंपनीच्या सस्पेन्शनवर जो वेळ काढून आले होते, त्याच्या तीन सेकंद मागे आम्ही. गाडी वळणात नाक बाहेर काढायची, आतलं चाक फिरत राहायचं आणि एवढ्या कडक स्प्रिंगवरही झुकणं म्हणावं तसं कमी नाही! दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या शॉकअपनं तेल सोडलं. परतीचे अकराशे किलोमीटर गाडी पाळण्यासारखी डुलत आली. डॉक्टर हिंगणघाटच्या अलीकडे एकदाच बोलले, "चहा घेऊ या."

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडीचं वजन किती पडते एका चाकावर?" मला माहीत नव्हतं. "म्हणजे माल न विचारता कमान बांधली तू," एवढं म्हणून ते मागच्या शेडमध्ये गेले.

डॉक्टरांचे पैसे परत केले. त्यांनी अर्धेच घेतले, उरलेल्यात शिका म्हणाले. तेव्हा काय चुकलं होतं ते आता सांगता येतं. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात. गाडी जास्त खाली घेतली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या मध्याहून जास्त वेगानं खाली घसरतो. दोहोंतलं अंतर वाढतं आणि गाडी झुकायला जास्त जोर मिळतो. म्हणजे कडक स्प्रिंगनं जे कमावलं, त्यातलं बरंचसं गाडी खाली घेऊन आम्ही घालवलं होतं. त्यात आमच्या सेटची उंची फक्त स्प्रिंगच्या चकतीने ठरत होती, त्यामुळे गाडी खाली गेली तेवढी शॉकअपची आत जायची जागा संपली. वळणात गाडी रबरी बंप स्टॉपवर टेकली की सस्पेन्शन उरतच नाही, पुढच्या टायरची पकड तिथल्या तिथे जाते. काही सेटमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो. त्याने उंची बदलली तरी शॉकअपची चाल शाबूत राहते. हा फरक माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत असतो आणि मी पहिल्या ओळीवरच पैसे पाठवले होते.

स्प्रिंगचा हिशेब तर कागदावर मावतो. ड्रायव्हरसकट पोलोच्या पुढच्या एका चाकावर साधारण ३५० किलो. चाक, ब्रेक, हब यांचे ३५ वजा करा, कारण ते स्प्रिंगवर नसतात. राहिले ३१५. रोजच्या गाडीचं नाक सेकंदाला एक-दीड वेळा डुलतं. ट्रॅकवर जाणाऱ्या पण नंबर प्लेट असलेल्या गाडीला दोन हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन वेळांच्या आसपास ठेवावं असं मी म्हणतो. दोन हर्ट्झला ३१५ किलोसाठी पाच केची स्प्रिंग लागते. ८ के घातली तर अडीच हर्ट्झ होतात, ते चालतात चिकट, बिनखाचांचे स्लिक टायर असतील तरच. साध्या रोड टायरवर तेवढी कडक स्प्रिंग म्हणजे कोळशाचे पाटे, संत्र्याची गाडी. आम्ही घातली होती १० केची.

मागची बाजू आणखी गमतीची. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई आहे, तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. अंगावर स्प्रिंग असलेला कॉइलओव्हर मागे टाका, असा आग्रह धरणारे येतात. मी नाही म्हणतो. शॉकअपचा वरचा माउंट गाडीचा भार पेलायला बनवलेलाच नाही, तो पत्रा फाटतो. स्प्रिंग आहे तिथेच ठेवायची, उंची बदलणारी चकती लावायची, आणि मागे थोडं जास्त कडक ठेवायचं म्हणजे पुढून ओढणारी गाडी वळायला तयार होते. ट्रॅकवर आतलं मागचं चाक हवेत उचललेलं दिसलं की गिऱ्हाईक घाबरतं. अशा गाडीत ते चाललंय तसंच चालू द्यायचं.

त्यानंतर आम्ही चार वजनकाटे घेतले. आमच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी खरेदी. जमीन पाण्याच्या लेव्हलनं सपाट करायलाच चार दिवस गेले. चार चाकं चार काट्यांवर, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर. ड्रायव्हर नसेल तर त्याच्या वजनाची सिमेंटची पोती. डगमगणाऱ्या बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर जातो, गाडीचं अगदी तसंच. एका कोपऱ्याची चकती वर फिरवा, तो कोपरा आणि तिरपा कोपरा दोन्ही जड होतात. दोन्ही तिरप्या जोड्या निम्म्या-निम्म्या व्हायला हव्यात, नाहीतर गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरंच. कॉइलओव्हर घ्यायचं माझ्या मते खरं कारण हे. गाडी खाली बसवायला तर साध्या स्प्रिंगाही मिळतात.

कोणता सेट, हा प्रश्न रोज येतो. जर्मनीच्या केडब्ल्यूच्या व्ही-वनमध्ये डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपनं स्प्रिंगला घातलेला आवर, कारखान्यातून ठरून येतं, व्ही-टूमध्ये स्प्रिंग उलगडतानाचा आवर बदलता येतो, व्ही-थ्रीमध्ये दबतानाचा आणि उलगडतानाचा दोन्ही. बिलस्टीनचा बी-१४ ठरीव, बी-१६ दहा टप्प्यांचा. तैवानच्या बीसी रेसिंगला तीस क्लिक, म्हणजे तीस टप्पे असतात. गिऱ्हाईक तीस क्लिक ऐकून खूश होतं. मी विचारतो, तुम्ही ट्रॅकवर वर्षातून किती दिवस? दोन दिवस असेल तर तीस क्लिक म्हणजे चुकायच्या तीस जागा. उलगडतानाचा आवर गरजेहून वाढवला की लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला उलगडायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू खाली खाली बसत बंप स्टॉपवर जाते. लोक समजतात स्प्रिंग मऊ पडली आणि आणखी दोन क्लिक कडक करतात. आम्ही सगळ्यात मऊ बाजूने सुरू करतो, एका वेळी दोन क्लिक, एका वेळी गाडीचं एकच टोक, आणि वहीत लिहून.

शॉकअप एका नळीचा मोनोट्यूब की दोन नळ्यांचा ट्विनट्यूब, यावर तर लोक भांडणाला उठतात. मोनोट्यूबमध्ये तेल एकाच नळीत, खालच्या दाबलेल्या नायट्रोजनपासून तरंगत्या पिस्टनने वेगळं केलेलं. तेलाची उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते, फेस धरत नाही, म्हणून वीस मिनिटांच्या सेशनला तो बरा. पण बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला की आतला पिस्टन तिथेच अडकतो. ट्विनट्यूबला तसा पोचा चालून जातो. उत्तम ट्विनट्यूब स्वस्त मोनोट्यूबला कधीही मागे टाकेल. मी आणखी एक गोष्ट बघतो: सील आणि रॉड सुटे मिळतात का, आणि शॉकअप भारतात उघडून पुन्हा भरून देणारं कोणी आहे का. भिंतीवरच्या त्या पिवळ्या सेटचं सील आजपर्यंत कुठे मिळालेलं नाही. विकणाऱ्यानं फोन उचलणं तिसऱ्या आठवड्यात बंद केलं होतं.

नागपूरहून जवळ असा ट्रॅक नाही. आमची गिऱ्हाइकं चेन्नईला, नाहीतर कोइम्बतूरच्या छोट्या, वळणावळणांच्या कारीला, नाहीतर उत्तरेला ग्रेटर नोएडाला जातात. सगळेच हजार किलोमीटरच्या पुढे. म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला: गाडी तिथवर चालवत नेणार की ट्रेलरवर? चालवत नेणार असाल तर घरच्यांची पाठ आणि दातही हिशेबात धरायला लागतात. वरच्या माउंटचं रबर काढून लोखंडी गोळ्याचा जोड बसवला तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत कल, अडीच-तीन डिग्री मिळतो, टायरची बाहेरची कड वाचते, स्टिअरिंग धारदार होतं. आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर डब्यात खडे घातल्यासारखा आवाज येतो. हा आवाज आधी दुसऱ्या गाडीत बसवून ऐकवतो, मगच पैसे घेतो. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणली की प्रश्न उभा राहतो, हे लपवून मी सेट विकत नाही. दोघांनी त्यामुळे जुनी गाडी फक्त ट्रॅकसाठी काढली, ती ट्रेलरवर जाते.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला आणि आमच्याकडे वेगळीच रांग लागली. "दादा, समृद्धीवर गाडी तरंगते, कॉइलओव्हर टाका." तिथे वेगमर्यादा आहे आणि मी रस्त्यावरच्या वेगासाठी सस्पेन्शन बांधत नाही. निम्म्यांचे शॉकअप संपलेले होते, बाकीच्यांच्या टायरात हवेचा हिशेब नव्हता. कंपनीचे नवे शॉकअप टाकून पाठवले. धाकटा भाऊ चिडला, एका महिन्यात सहा सेट घालवलेस म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. त्या महिन्यात मशीनचा हप्ता आईनं भिशीतून भरला.

एका तरुण गिऱ्हाइकाला मी आधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चांगले टायर घ्या, पहिला ट्रॅक दिवस तेवढ्यावर करा, मग या असं सांगितलं. तो गेला तो गेलाच. दुसरीकडे सेट बसवला, छान खाली बसलेली गाडी सीताबर्डीत दिसते कधीकधी. हात करतो. बाबा आता दुकानात कमी येतात, पण आले की काट्यांजवळ खुर्ची टाकून बसतात. ते आकडे त्यांना आवडतात. "हे आमच्या येळेला असतं न, तर अर्ध्या भांडणा वाचल्या असत्या."

डॉक्टर अजून येतात. दुसरा सेट त्यांनी माझ्याकडूनच घेतला, पुढे ५ के, ठरीव डॅम्पिंग, गाडी जेमतेम २५ मिलिमीटर खाली. कंपनीच्या सस्पेन्शनवरच्या वेळेपेक्षा गाडी दोन सेकंद पुढे गेली, आणखी दोन सेकंद टायरमुळे मिळाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा चेन्नई आहे म्हणून आज पोलो काट्यांवर चढवली होती. ओपीडी संपवून डॉक्टर आले, सीटवर बसले. तिरप्या जोडीचा आकडा गेल्या वर्षीच्या वहीतल्या आकड्याशी जुळेना. चकत्या तपासल्या, हवा तपासली, टाकी तपासली. शेवटी मिस्त्रीकाका काट्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, पाच किलो वाढले न तुम्ही." आता उद्या सकाळी पुन्हा चकत्या फिरवायच्या आहेत.