तुम्ही विचारलंत म्हणून: पाच दिवसांत का नाही?

"किलिमांजारोला आठ दिवस कशाला? मारांगू वाटेनं पाचात होतं, पैसेही वाचतात." संभाजीनगरात तयारी करून घेताना प्रत्येक तुकडीत हे कुणीतरी विचारतंच. पाठोपाठ येतं, "आपण मराठवाड्याची माणसं, काटक."

काटकपणावर माझा वाद नाही. पाठीवर दहा किलो पाणी घेऊन देवगिरी दोनदा चढणारा माणूस तिथं पायानं कमी पडणार नाही. पण देवगिरीवर पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. किलिमांजारोचा माथा, म्हणजे उहुरू शिखर, ५,८९५ मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. त्याची सवय उंचावर रात्री काढूनच लागते. दणकट माणूस झपाझप चालतो, म्हणून उलट तोच आधी आजारी पडतो. मीही पूर्वी "पाच पुरतात" म्हणत होतो. पायांचं बघत होतो, झोपायच्या उंचीचं गणित केलंच नव्हतं.

ते गणित असं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर सरकू नये. मारांगूवरचे मुक्काम मीटरमध्ये: मंदारा २,७२०, होरोम्बो ३,७२०, किबो ४,७२०. म्हणजे रोज हजाराची उडी. लेमोशो वाटेनं आठ दिवस घेतले, तर लाव्हा टॉवर या सुळक्यापाशी सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढवून त्याच दिवशी झोपायला बरांको तळाला साडेसहाशे मीटर खाली आणतात. डोकं ठणकत असतं, चढलेलं वाया गेलं असं वाटतं. तोच दिवस पुढं कामी येतो.

कामी येतो तो शेवटच्या रात्री. बराफू तळावरून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचं. पायाखाली भुसभुशीत खडी, थंडी उणे दहाच्याही खाली. पाण्याच्या नळीतून घोट घेतला की फुंकर मारून उरलेलं पाणी पिशवीत परत ढकलायचं, नाहीतर नळी गोठते. बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. चिक्की दगड होते; शेंगदाण्याची पोळी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. तोंडाची चव गेलेली असते, तरी तिचा तुकडा घशाखाली उतरतो. स्टेला पॉइंट, म्हणजे वरच्या विवराची कड, ५,७५६ मीटरवर. शिखर तिथून फक्त १३९ मीटर वर, आणि नेमकं तिथंच परत फिर म्हटलं तरी माणूस ऐकत नाही. वाटाड्या टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावतो. तोल गेला, बोलणं अडखळलं तर मेंदूला सूज आहे असं धरायचं. बसल्या जागी धाप आणि घरघरणारा खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत एकच करायचं: लगेच, अंधार असला तरी, खाली. डायमॉक्स डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. सवय लवकर लागते. पण खाली उतरण्याचं काम ती गोळी करत नाही.

शिखर झालं तरी त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत सुमारे २,८०० मीटर उतार आहे. गुडघे तिथं बोलतात. म्हणून देवगिरी चढण्याइतकीच उतरण्याचीही तालीम करा.

आठ दिवस घेऊनही काहींना परतावं लागतं, हे कबूल. पैशाचा मुद्दाही खरा आहे; उद्यानाचं शुल्क दिवसावर लागतं. पैसे तेवढेच असतील तर मारांगूच सहा दिवसांची घ्या, होरोम्बोला एक जादा रात्र काढून. आठ दिवसांइतका भरवसा मी तिचा देणार नाही. पाच दिवसांचं मात्र पुन्हा विचारू नका.