चाळीसगाव ते पाटणादेवी: ब्राँझ अवॉर्डची दोन दिवसांची पायी मोहीम

इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल या युवा उपक्रमाच्या ब्राँझ या पहिल्या पातळीसाठी नववीतल्या सहा मुलामुलींच्या गटाने जानेवारीत केलेल्या मोहिमेचा हा वृत्तांत. खानदेशातल्या शाळांना ही वाट सोयीची आहे. चाळीसगाव जंक्शनला उतरायचं, गावाबाहेर पडलं की नैर्ऋत्येला पाटणादेवी मंदिराजवळचं पाटणे गाव साधारण १६ किलोमीटर, आणि समोर दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग दिवसभर नजरेसमोर. पहिल्या मोहिमेला एवढी ठळक खूण असणं फार उपयोगाचं.

नियम आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेक शाळांचं घोडं डोंगरात अडत नाही, नोंदीत अडतं. ब्राँझला वय १४ पूर्ण हवं. सेवा, कौशल्य आणि शारीरिक व्यायाम या तीन विभागांत प्रत्येकी किमान तीन महिने, त्यातल्या एका विभागात आणखी तीन महिने, आणि सरासरी आठवड्याला एक तास. चौथा विभाग म्हणजे ही मोहीम: दोन दिवस, एक रात्र, दररोज किमान सहा तासांचं हेतुपूर्वक काम, गट चार ते सात जणांचा, त्याआधी निदान एक सराव मोहीम. मोटारवाहन चालत नाही, स्वतःच्या बळावर जायचं, जसं पायी किंवा सायकलने. स्वयंपाक मुलांनीच करायचा.

शाळा जूनमध्ये उघडते. तेव्हा नोंदणी करून जुलैच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू केलं तर सहा महिने डिसेंबरअखेर भरतात आणि जानेवारीच्या थंडीत मोहीम होते. गाडी रुळावरून घसरते ती दिवाळीच्या सुट्टीत. तीन आठवडे नोंद नसते, मग एखाद्या रविवारी सहा तास झाडं लावून ते सहा आठवड्यांत वाटून टाकायचा मोह होतो. ते धरलं जात नाही आणि धरूही नये, कारण नियमितपणा हाच या अवॉर्डचा कणा आहे. सुट्टीत गावी गेलेलं मूल तिथे धावू शकतं, फक्त नोंद त्याच आठवड्यात व्हायला हवी. 'आज बॅडमिंटन खेळलो' ही नोंद नव्हे. 'बॅकहँड सर्व्हिस ३० वेळा, १९ नेटपार, मनगट लवकर वळतं' ही नोंद. सहा महिन्यांनी मूल्यमापकाला लिहायला काही सापडतं ते अशाच नोंदींतून. मूल्यमापक त्या विषयातला जाणकार हवा, घरातला माणूस नको.

आता वाट. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि समोच्च रेषांतलं अंतर २० मीटर. आपल्या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एखाद्या अंशाहून जास्त सरकत नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या भानगडीत मुलांना पाडू नका. मात्र नकाशा जुना असतो आणि शेतरस्ते बदलतात. गटाची ४० मिनिटं अशीच गेली: नकाशावरची पाणंद नांगरून कपाशीत गेली होती आणि मुलं नव्या रस्त्याने पूर्वेला भरकटली. डोंगर समोरून उजवीकडे सरकतोय हे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांचे डोळे कागदावर.

अहिराणीत वाट विचारायचीही रीत आहे. 'हाई वाट पाटणाले जास का?' असं विचारलं की शेतातला माणूस चालता चालता 'जास ना' म्हणतो, कारण फिरून फिरून प्रत्येक वाट कुठेतरी जातेच. 'पाटणाले जावानी वाट कोणती शे, भाऊ?' असं विचारा. मग तो थांबतो, हात करून दाखवतो, वाटेतलं निंबाचं झाड सांगतो.

पाठीवर ओझं असलेलं चौदा वर्षांचं मूल सपाटीला तासाला ३ ते साडेतीन किलोमीटर चालतं. म्हणजे १६ किलोमीटरला पाच तास, वर थांबे धरून सात. सकाळी साडेसातला निघा. ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. ४० किलोच्या मुलाला ८ किलो, त्यात ३ लिटर पाण्याचेच ३ किलो. उरलेल्या पाच किलोंत सगळं बसवायचं, म्हणून गोधडी घरी ठेवा. एकटी गोधडी दोन-अडीच किलो खाते. हलकी स्लीपिंग बॅग, कानटोपी, लोकरी मोजे. खानदेशात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरू शकतो आणि जमिनीतून येणारी थंडी वरच्या थंडीपेक्षा जास्त झोंबते, तेव्हा खाली चटई हवीच. बूट नवे नकोत.

मुक्काम अभयारण्यात नाही. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि तिथे बिबट्याचा वावर आहे. गावालगतच्या शेतात मालकाच्या लेखी परवानगीने तंबू टाका. मुलींचे तंबू वेगळे, सोबत एक बाई शिक्षिका. अंधार पडल्यावर शौचालाही जोडीने, टॉर्च घेऊन. शिक्षकांनी गटाबरोबर चालायचं नाही, पण ठरलेल्या चार ठिकाणी भेटायचं आणि मुक्कामाला जवळ राहायचं. वाट चुकली म्हणून लगेच हाक मारू नये. ते ४० मिनिटांचं भरकटणं मुलांनी स्वतः निस्तरलं, म्हणून ती मोहीम त्यांची झाली. रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनखात्याचा १९२६ हे नंबर मात्र प्रत्येकाच्या वहीत लिहिलेले असावेत.

गॅसची टाकी आणि रॉकेल रेल्वेतून नेता येत नाही. उपाय सोपा: शेतातच तीन दगडांची चूल. सहा जणांच्या खिचडीला ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मुगाची डाळ, साडेतीन ते चार लिटर पाणी आणि सात लिटरचं जाड बुडाचं पातेलं. सरपण म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मुबलक मिळतात, आणि खिचडी करपते ती त्यांच्यामुळेच. पऱ्हाटी भडकन पेटते, मोठा जाळ देते आणि निखारा न ठेवता विझते. मुलं घाबरून आणखी कोंबतात, बूड लागतं, वरचा तांदूळ कच्चा राहतो. उकळी फुटेपर्यंत पऱ्हाट्या वापरा, मग जळत्या काड्या बाहेर ओढून आत बाभळीची दोन जाड लाकडं सरकवा, झाकणावर पाणी ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. सराव मोहिमेत हे एकदा करपलेलं असलं की दुसऱ्यांदा करपत नाही. चूल पाण्याने विझवून राखेत हात घालून पाहा.

पहिल्या दुपारी दादर ज्वारीची भाकरी आणि कोरडा ठेचा. दुसऱ्या दिवशी भाकरी वाळून कडक होते, म्हणून त्या दिवसासाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या. मधल्या वेळेला शेंगदाणे आणि गूळ, माणशी १०० ग्रॅम. रस्सा असलेलं काहीही नको, पिशवीत सांडतं.

दुसरा दिवस अभ्यासाचा. 'परिसर पाहणे' एवढाच मोहिमेचा हेतू लिहिला तर मूल्यमापक तो परत पाठवतो, आणि बरोबरच करतो. विषय अरुंद घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला, आणि त्याची नोंद करणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख पाटण्याला मिळाला. एका जोडीने तो विषय घेतला. दुसऱ्या जोडीने हेमाडपंती महादेव मंदिराच्या एका भिंतीचे दगड मोजून चुन्याशिवायचे सांधे वहीत काढले. तिसऱ्या जोडीने कन्हेरगडाच्या पायथ्याच्या वाटेवर १०० पावलांच्या टप्प्यांत साग, धावडा, सलई, अंजन, पळस मोजले. प्रवेशद्वारावर नोंद करा, प्लास्टिक आत नेऊ नका, पायवाट सोडू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. पितळखोऱ्याची लेणी पलीकडे खुणावतात, पण ब्राँझच्या गटाने त्याच दिवशी तो चढ धरू नये. परतीला अंधार होतो. सिल्व्हर या पुढच्या पातळीच्या तीन दिवसांच्या मोहिमेसाठी ती ठेवा.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत अहवाल. गटाने मिळून सादर केला तरी प्रत्येकाचा भाग वेगळा दिसला पाहिजे: कोणी नकाशा धरला, कोणी पाणी मोजलं, कुठे चुकलं आणि ते कसं कळलं. मूल्यमापकाचा शेरा ऑनलाइन नोंदवहीत चढला का, हे प्रत्येक मुलाने लॉगिन करून स्वतः तपासावं. सहापैकी एकाचा शेरा राहून गेला होता, आणि तो सापडला तो त्याने स्वतः पाहिलं म्हणून.