सहा नंबरचं टॅपेट कव्हर

माझी उजवी भुवई सध्या अर्धीच आहे. व्हिडिओ कॉलवर प्रत्येक जण विचारतो म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मी मिशिगनमधे, डेट्रॉइटच्या उत्तरेला एका छोट्या शॉपमधे काम करतो. जुन्या गाड्या कापायच्या, जोडायच्या, त्यात दुसरी इंजिनं बसवायची, थोडक्यात हॉट रॉड बनवायच्या. आलो होतो एमएस करायला, मग सात वर्षं एका कंपनीत कॉम्प्युटरवर ब्रॅकेटं काढत बसलो आणि ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली, मामा म्हणाला "एवढं शिकून शेवटी गॅरेजातच?" आणि बाबा एवढंच बोलले की वेल्डिंग करताना काच वापर, डोळे सांभाळ. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधे इंजिन सेक्शनला होते, सगळी नोकरी तिथेच. डिझेलच्या वासाशिवाय मला बाबा आठवतच नाहीत.

तर ती गाडी. १९३१ ची फोर्ड मॉडेल ए, दोन दरवाजांची कूप. (बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणे "कूप म्हणजे विहीर की रे." बरोबरच आहे त्यांचं.) गाडीची मालकीण त्र्याऐंशी वर्षांची एक आजी. तिच्या नवऱ्याने तरुणपणी ही गाडी एका शेतकऱ्याकडून घेतली होती, हॉट रॉड बनवायची म्हणूनच, पण मग पोरं झाली, कारखान्यात शिफ्ट ड्युटी लागली, आणि गाडी जी गोठ्यासारख्या शेडमधे जाऊन बसली ती पन्नासेक वर्षं तिथेच. शेजारी ताडपत्रीखाली शेवीचं (म्हणजे शेव्हरोलेचं) २८३ घनइंचाचं एक इंजिन, तेही त्यानेच कुठल्यातरी ठोकलेल्या स्टेशन वॅगनमधून काढून ठेवलेलं. म्हातारा गेला आणि दोन वर्षांनी आजी, तिचा मुलगा आणि पंधरा वर्षांची नात असे तिघं ट्रेलरवर दोन्ही घेऊन आमच्या दारात. अट एकच होती, आम्ही नुसते पैसे देणार नाही, दर शनिवारी येऊन हाताने काम करणार. आमच्या मालकाला असल्या गोष्टी मनापासून आवडत नाहीत, कारण गिऱ्हाईक हाताखाली असलं की काम दुप्पट वेळ खातं, पण आजीसमोर तो काही बोलू शकला नाही आणि ते त्रिकूट माझ्या गळ्यात पडलं.

चौदा महिने चाललं हे. खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो नातीने माझ्याबरोबर कापला आणि पॅच मारायला शिकली, पहिल्या महिन्यात भसाभस भोकं पाडायची, आता तिची वेल्डिंगचे टाके मारायची लाइन माझ्यापेक्षा सरळ येते. छपराच्या आतलं लाकूड सगळं कुजलेलं, या गाड्यांत छपराला लाकडी सांगाडा असतो आणि मधे पत्रा नाही, कापडच असतं, ते काम मुलाने घरी नेऊन केलं. चॅसी आतून प्लेट टाकून बॉक्स केली, म्हणजे पेटीसारखी बंद, पुढे चार इंच ड्रॉप केलेला आय-बीम अ‍ॅक्सल, मागच्या चाकांना फोर्डचं 'नाइन इंच' डिफरन्शियल, मूळचे रॉडवाले मेकॅनिकल ब्रेक काढून हायड्रॉलिक. पेट्रोलची टाकी या मॉडेलला डॅशबोर्डच्या पुढे असते, म्हणजे अक्षरशः तुमच्या गुडघ्यांवर दहा-अकरा गॅलन पेट्रोल. ती मागे डिकीत हलवायचीच असा हट्ट मुलाने धरला आणि मी जरा कुरकुरत केलं ते काम. नंतर त्याला मनातल्या मनात किती वेळा हात जोडलेत ते मलाच माहीत.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून, छप्पर. हॉट रॉड म्हटलं की खिडक्यांच्या खांबातून तीन-चार इंच कापून छप्पर खाली बसवायचं, त्याशिवाय लोकांना ती गाडी पुरी वाटत नाही. मॉडेल ए चे खांब जवळपास उभे सरळ असतात, काचा सपाट, त्यामुळे त्यातल्या त्यात सोपं, मी तर टेप लावून खुणासुद्धा केल्या होत्या. आजी म्हणाली थांब. आत जाऊन बसली आणि म्हणाली आता तीन इंच खाली पुठ्ठा धर. धरला. तिचे केस पुठ्ठ्याला टेकले. तिचा नवरा तिच्याहून उंच होता, तो या गाडीत कसा बसला असता, तिने विचारलं. आता याला काय उत्तर देणार. मुलगा म्हणत होता की अगं ते आता नाहीत, पण ते वाक्य त्याने अर्ध्यातच सोडलं. छप्पर कापलं नाही. माझं मत विचाराल तर मला तेव्हा राग आला होता आणि आज ती गाडी बघताना वाटतं तीन इंच कापले असते तर अजूनच भारी दिसली असती, हे खोटं कशाला बोलू.

बाबा मेमधे आले, सहा महिन्यांसाठी. आठ दिवसांत कंटाळले. टीव्ही कळत नाही, बाहेर चालायला गेलं तर रस्त्यावर माणूस नाही. म्हणून शनिवारी शॉपमधे घेऊन जायला लागलो, दाराजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची, हातात चहाचा थर्मास. पहिल्या दिवशी गाडीभोवती दोन चकरा मारून मला बाजूला घेऊन म्हणाले, चांगली जुनी गाडी मोडून हे काय करताय तुम्ही लोक?

मी म्हटलं बाबा, मूळ इंजिन ३.३ लिटरचं आणि ताकद चाळीस हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या पद्मिनीच्या तिप्पट मोठं इंजिन आणि जोर साधारण तेवढाच. १९३२ मधे फोर्डने स्वस्तात व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, पासष्ट हॉर्सपॉवरचं, मग पोरं भंगारातून ते उचलून या हलक्या गाड्यांत घालायला लागली, मडगार्ड काढ, बॉनेट काढ, वजन कमी कर आणि कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज असल्या कोरड्या तळ्यांवर जाऊन पळव. १९३७ मधे तर त्यांची रीतसर संघटनाच झाली. युद्धावरून परत आलेल्या पोरांनी ते वेड देशभर नेलं, आणि १९५५ ला शेवीचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट आलं, हलकं, स्वस्त, ते हळूहळू सगळ्यांच्या गाड्यांत शिरलं. हे आपलं २८३ त्याच घराण्यातलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बोअर किती केलंय? म्हटलं तीस थाऊ. (सिलिंडर कातून इंचाचे तीस सहस्रांश मोठे.) "हं," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्यानंतर मोडण्याचा विषय नाही काढला.

जूनच्या शेवटच्या शनिवारी इंजिन पहिल्यांदा चालू करायचं होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते तिथे गाडी न्यायची म्हणून घाई. आता यात एक गोष्ट समजून घ्या, या जुन्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्यावर टेकणारी दट्टी) एकमेकांवर नुसते घासत चालतात, रोलर नसतो. नवीन कॅम घातला की पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार ते अडीच हजार आरपीएमवरच ठेवायचं, कारण कॅमला तेल मिळतं ते क्रँकच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आयडलिंगला ते पुरत नाही. तेलही जस्तवालं वेगळं घालायचं. आणि चालू व्हायच्या आधी नुसता स्टार्टर मारत बसलात तर कॅमला लावलेलं ग्रीस पुसलं जातं आणि कॅम गेला, पुन्हा इंजिन खोला. म्हणजे चावी फिरवली की लगेच लागलं पाहिजे.

म्हणून मी सगळं पद्धतशीर केलं. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कम्प्रेशन बघितलं, पुलीवरची खूण शून्यावर आणली. मग ऑइल पंप ड्रिल मशीनने फिरवून आधीच तेल चढवायचं असतं, त्यासाठी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, बाहेर. मी ड्रिल धरलं आणि नातीला सांगितलं की पुढून पान्याने क्रँक हळूहळू फिरव, म्हणजे वरच्या सगळ्या रॉकरना, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांना, तेल पोचेल. पोचलं. ती म्हणाली एक पूर्ण फेरा झाला, खूण परत शून्यावर आहे. मी बघितलं, खूण शून्यावर, शाब्बास म्हटलं आणि डिस्ट्रिब्युटर बसवून टाकला.

ज्यांना कळलं ते आता हसत असतील.

मुलगा आत बसला, मी कार्बोरेटरवर वाकून, एअर क्लीनर काढलेला. त्याने चावी फिरवली आणि दोन सेकंदांत भडाम्! कार्बोरेटरमधून हातभर ज्वाळा सरळ माझ्या तोंडावर. केस जळल्याचा वास, नातीची किंकाळी, मालकाने फायर एक्स्टिंग्विशर घेऊन मारलेली उडी. आग नव्हती लागली, नुसता भपका होता. पण भुवई गेली.

आणि मी काय केलं असेल? डोकं शांत ठेवायचं सोडून टायमिंग थोडं पुढेमागे असेल म्हणून डिस्ट्रिब्युटर जरा फिरवला आणि परत मारायला सांगितला. परत भडाम्. मग प्लगच्या वायरी तपासल्या, पाच आणि सात शेजारी शेजारी आहेत आणि एकापाठोपाठ फायर होतात, तिथे लोक हमखास चुकतात, पण त्या बरोबर होत्या. मालक मागून नुसता बघत होता. प्रत्येक स्टार्टरला कॅमवरचं ग्रीस जातंय हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

दाराजवळून बाबा म्हणाले, "सहा नंबरचं कव्हर काढ."

मी लक्ष नाही दिलं. ते परत म्हणाले, "टॅपेट कव्हर काढ अन् सहाचे व्हॉल्व्ह बघ." मी सगळ्यांसमोर खेकसलो, मराठीतच, की बाबा ही तुमची लेलँड नाहीये, व्ही-एट आहे ही, आठ सिलिंडर. ते काही बोलले नाहीत, थर्मासचं झाकण फिरवत बसले. आजीला शब्द कळला नसणार पण सूर कळला, तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

मग दुसरं काही सुचेना म्हणून एका पुठ्ठ्यावर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, लिहिली. १-८-४-३, आणि त्याच्या खाली पुढचे चार, ६-५-७-२. एकाच्या बरोब्बर खाली सहा. एसटीच्या सहा सिलिंडरची ऑर्डर १-५-३-६-२-४, तिथेही एकाच्या खाली सहाच येतो. म्हणजे एक नंबर कम्प्रेशनला वर असेल तेव्हा सहा नंबर एक्झॉस्ट संपवून ओव्हरलॅपला, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटताना दुसरा उघडत, असलाच पाहिजे. इंजिन वेगळं, देश वेगळा, पेट्रोल-डिझेलचा फरक, पण जोडीदार तोच. बाबांना हे माहीत होतं का? नंतर विचारलं तर म्हणाले, "नाही रे, मला आपलं सहाच माहितीय. एक बघायचा तर सहा उघडायचा."

पुलीची खूण परत शून्यावर आणली, डिस्ट्रिब्युटरचा काटा (रोटर) एक नंबरवर, आणि उजव्या बाजूचं कव्हर काढलं. बाबा उठून आले, पाना मागितला, "साडेचार सूत दे." मी दोन सेकंद बघतच राहिलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साडेचार सूत म्हणजे नऊ-सोळांश, आणि डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट बरोबर तेवढाच. नुसत्या नजरेने. पण तो नंतरसाठी होता, तो त्यांनी खिशात टाकला आणि नातीला हाताने खूण केली, क्रँक जरा इकडे तिकडे हलव. सहाचे दोन्ही रॉकर हलले सुद्धा नाहीत. "डोलायला पाहिजेत," बाबा म्हणाले, "एक वर एक खाली. हे झोपलेत." डावीकडचं कव्हर काढलं तर एक नंबरचे रॉकर मस्त डोलत होते.

नातीचा चेहरा पडला. तिने फिरवलेला तो एक फेरा. क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक, त्यामुळे एका फेऱ्यानंतर पुलीची खूण शून्यावर येते पण इंजिन बरोबर उलट्या स्ट्रोकला असतं. ठिणगी पडत होती इनटेक उघडताना, म्हणून ज्वाळा वरून. मी तिला सांगितलं की तू जे केलंस तेच बोललीस, अंगठा परत लावून बघायचं काम माझं होतं. ती काही ऐकेना, डोळ्यात पाणी. बाबा मला म्हणाले तिला सांग, मी नवीन होतो तेव्हा फ्युएल पंप असाच उलटा बसवला होता, गाडी दिवसभर पांढरा धूर टाकत उभी, आणि फोरमन असं काही बोलला होता की ते हिला सांगू नकोस. मी भाषांतर केलं, शेवटचं धरून. ती हसली.

डिस्ट्रिब्युटर बाबांनीच काढला. गिअर तिरका असतो त्यामुळे खाली बसताना रोटर फिरतो, तेवढी सूट धरून अर्धा फेरा फिरवून बसवायचा. एका दमात बसला. कव्हरं लावली. या वेळी आजी म्हणाली मी आत बसते.

दुसऱ्या गिरकीला लागलं. आणि आवाज! छोट्या शॉपमधे सायलेन्सर नसलेलं २८३, पत्रे थरथरत होते, नवीन पाइपांवरचा रंग धुरासारखा उडायला लागला, नात कानावर हात ठेवून आनंदाने ओरडत होती आणि काही ऐकू येत नव्हतं. आजी दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे आरपीएमच्या काट्यावर, दोन हजार, बावीसशे, परत दोन हजार, एवढा स्थिर पाय मी आमच्या मालकाचाही नाही बघितला. मुलगा टेंपरेचर बघत होता. साधारण दहाव्या मिनिटाला बाबा रेडिएटरखाली बोट दाखवत आले, खालच्या होजच्या क्लिपमधून थेंब पडत होते. चालू इंजिनखाली वाकून त्यांनी स्क्रूड्रायव्हरने क्लिप आवळली, मी टॉर्च धरली, आणि आवाजात त्यांनी मला काहीतरी सांगितलं जे मला ऐकू आलं नाही आणि मी परत विचारलंही नाही.

वीस मिनिटं झाली. मी आजीसमोर हात वर केला, बंद करा म्हणून. तिने मला बघितलं, आणि पाय काढला नाही. मी परत हात केला. तिने मान वळवून बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग पुन्हा काट्याकडे, बावीसशे.

"राहू दे रे," बाबा माझ्या कानात ओरडले, "पाणी गरम नाही झालेलं. चालवू दे मावशींना."