जुन्या कॉम्प्युटरची पिन काढून ठेवावी का? गिरगावातला माझा अनुभव

बीबीसी मायक्रो, कमोडोर 64 आणि 486 प्रोसेसरचा एक पीसी, असे तीन जुने कॉम्प्युटर मी चालू स्थितीत जपतो. वापर अधूनमधून, रात्री जेवणं झाल्यावर. एरवी त्यांच्या पिना भिंतीवरच्या बोर्डात राहू द्याव्यात की काढाव्यात, याचा यंदा पावसाळ्याच्या तोंडावर नीट छडा लावायचं ठरवलं. प्रत्येकाचं बटण बंद असताना आत कुठपर्यंत वीज पोहोचते, एवढंच आधी शोधायचं होतं.

486 चं उत्तर लगेच मिळालं. जुन्या एटी पद्धतीच्या एसएमपीएसमधून (म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून) जाड केबल पुढच्या बटणापर्यंत येते आणि ते बटण दोन्ही तारा खरोखर तोडतं. 1995 नंतरच्या एटीएक्स पद्धतीच्या सप्लायमध्ये तसं नसतं. पुढचं बटण बंद असलं तरी आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळतच राहतो.

कमोडोर 64 मध्ये बटण कॉम्प्युटरवर आहे आणि ट्रान्सफॉर्मर बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर बंद केला तरी अ‍ॅडॉप्टरला 230 व्होल्ट मिळतच असतात. हात लावला तर कोमट लागतो. त्यातून 5 व्होल्ट डीसी आणि 9 व्होल्ट एसी निघतात. यातले बरेच मूळ अ‍ॅडॉप्टर आतून इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरलेले असतात, त्यामुळे उष्णता कोंडते आणि दुरुस्तीही करता येत नाही. 5 व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि रॅमच्या चिपा जातात. म्हणून मी मल्टिमीटर लावल्याशिवाय तो अ‍ॅडॉप्टर कॉम्प्युटरला जोडतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ बीबीसी मायक्रोने घेतला. 1984 च्या सुमारास शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आलेलं हेच मॉडेल, त्यामुळे माझा त्याच्यावर विशेष जीव. त्या काळच्या कित्येक एसएमपीएसमध्ये घरच्या विजेच्या (मेन्सच्या) दोन तारांमध्ये कागदी फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारा भाग, असतो, पारदर्शक पिवळसर इपॉक्सीत बंद केलेला. वर्षं सरली की त्या इपॉक्सीला बारीक तडे जातात, हवेतला ओलावा आत शिरतो आणि एक दिवस तो फुटून खोलीभर उग्र धूर होतो. मुंबईच्या जुलैत ओलाव्याला काय तोटा! काही सप्लायमध्ये हा कपॅसिटर बटणाच्या आधीच जोडलेला असतो. मग कॉम्प्युटर बंद असला तरी बिचारा रात्रंदिवस 230 व्होल्टखाली उभा.

सप्लाय उघडला. पिन काढून बराच वेळ थांबलो, मग मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून पाहिलं. तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतात, त्यामुळे ही पायरी कुणीही वगळू नये. फिल्टर कपॅसिटरवर तडे स्पष्ट दिसत होते. चाळीस वर्षांचा माल, तक्रार कसली करायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन त्याच मूल्याचे, एक्स2 वर्गाचे (म्हणजे मेन्सच्या तारांमध्ये लावण्यासाठीच बनवलेले), पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे नवे आणून बसवले. दुकानात नुसतं ‘पॉइंट वनचा कंडेन्सर’ (0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर) मागू नका. एक्स2 आणि 275 व्होल्ट एसी असं अंगावर छापलेलं स्वतः वाचून घ्या.

आता राहिलं भिंतीवरचं बटण. आमच्या मजल्यावर एक निवृत्त वायरमन काका राहतात. त्यांना म्हटलं, “काका, बोर्डाचं बटण बंद केलं की पुरे ना? पिन कशाला काढायची?”

“अरे, ते बटण एकच तार तोडतं,” काका म्हणाले. “फेज, म्हणजे करंटची तार, तुटली तर ठीक. पण या बिल्डिंगचं वायरिंग किती हातांतून गेलंय, ठाऊक आहे का तुला? टेस्टर आण.”

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. आमच्या एका सॉकेटमध्ये टेस्टर डाव्या भोकात पेटला, आणि बटण बंद केल्यावरही पेटलेलाच राहिला. फेज-न्यूट्रल उलटे. म्हणजे बटण न्यूट्रल तोडत होतं आणि फेज थेट सप्लायपर्यंत जात होती. काकांनी तिथल्या तिथे मेन बंद करून तारा सरळ केल्या. पण शेजारच्या घरांतही असंच असणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी मजल्यावरच्या सगळ्यांना टेस्टर लावून बघायला सांगितलं. शिवाय बटण बंद असताना त्याच्या आतली फट असते अगदी बारीक. विजांच्या कडकडाटात तिच्यावर विसंबायची माझी तयारी नाही.

तेव्हा आमच्याकडे आता नियम एकच: आधी बटण बंद, मग पिन बाहेर. कायम बंद ठेवणंही बरं नाही, कारण सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरला फार काळ व्होल्टेज मिळालं नाही तर त्यातला वीज अडवणारा ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, कोरडा दिवस पाहून, प्रत्येक यंत्र तासभर चालवतो आणि पिनेला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख टाकतो. 486 च्या मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र पिन काढल्याने वाचत नाही. ती गळून तांब्याच्या रेषा खाते, म्हणून ती कापूनच टाकली.

पिनांची काढघाल टाळायची असेल तर काकांचं म्हणणं आहे की गिझरला लावतात तसा डीपी स्विच बसवावा, तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. दिवाळीत रंगकाम निघणार आहे, तेव्हा कपाटाजवळ तो बसवून घेईन. विजांच्या दिवसांत पिना तरीही काढीनच.