लोंढ्याच्या वाटेवर ‘एफ’ची गोष्ट

बेळगावहून लोंढा जेमतेम पन्नास किलोमीटर. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी. लहानपणी आजोबांबरोबर जाताना ही नावं पाठच झाली होती. परवा आषाढातल्या सकाळी पुन्हा त्याच वाटेनं गेलो. खानापूरजवळ मलप्रभा लालसर, काठोकाठ भरलेली. गुंजीनंतर झाडी इतकी जवळ आली की खिडकीतून ओल्या पाल्याचा वास यायला लागला.

लोंढ्याला आजोबांचे दोस्त राहतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. क्लीनर म्हणून लागले, वाफेच्या इंजिनावर फायरमन झाले. त्यांचे वडील त्याआधीचे, रेल्वेतले खलाशी, तेही ‘एफ’ नावाच्या जुन्या वाफेच्या इंजिनावरचे. त्या एफसाठीच मी गेलो होतो.

आज इथं ब्रॉडगेज आहे. नव्वदच्या दशकापर्यंत मात्र हा मार्ग मीटरगेज होता, दोन रुळांत फक्त एक मीटर अंतर. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारनं स्वस्तातल्या लोहमार्गांसाठी हे माप ठरवलं. तेव्हा हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायचा विचार चालू होता. मापं आली नाहीत, रूळ मात्र मीटरचेच राहिले!

आपल्या भागात ते रूळ दुष्काळामुळे आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धारवाड, विजापूर, बेळगाव होरपळून निघाले. धान्य आणायचं तर बैलगाडीनं, आणि बैलांनाच चारा-पाणी नाही. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानं रेल्वे वाढवायला सांगितलं, १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिचं मुख्य कार्यालय धारवाडला होतं. आजचं कर्नाटक कॉलेज त्याच इमारतीत भरतं, तिथं शिकलेल्या कितीतरी बेळगावकरांना हे ठाऊक नसेल. १८८८ मध्ये घाटाखालची मुरगावची लाइन सुरू झाली आणि लोंढ्याच्या बाजूनं थेट बंदर गाठता येऊ लागलं.

मीटरगेजवरचं कष्टाळू इंजिन म्हणजे एफ. १८७० च्या दशकात ग्लासगोच्या ड्यूब्ज कारखान्यातून पहिली इंजिनं आली, मग इतर कारखान्यांनीही त्याच धर्तीवर शेकडो बांधली. एकमेकींशी संबंध नसलेल्या कंपन्या एकाच जातीचं इंजिन वापरत होत्या. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण सरकारी प्रमाणित नमुने यायला अजून बराच काळ होता. मीटरगेजचे वायबी, वायसी, वायडी आले ते १९२० च्या दशकात. आणि १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात भारतात पूर्णपणे बांधलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं, तेही एफच, क्रमांक ७३४. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते आजही आहे. मी त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलो होतो.

“आलास काय? भिजलास की रे,” म्हणत अण्णांनी टॉवेल पुढं केला. चहा होईपर्यंत माझे प्रश्न सुरू झाले.

“एफला बारकं समजू नकोस बघ. तीन जोड्या चाकं, सगळी ओढणारी. पुढं नुसती आधाराची चाकं नाहीत, म्हणून सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर. पावसात रूळ निसरडा झाला की बाबांना तिची किंमत कळायची.”

“आणि वेग?”

“वेग घेतला की डुलायची. पण पॅसेंजर म्हण, माल म्हण, शंटिंग म्हण, कशालाही नाही म्हणायची नाही.”

लोंढ्याहून गोव्याकडे उतरणाऱ्या कॅसल रॉकच्या घाटाचा विषय निघाल्यावर अण्णांचा आवाज बदलला. खाली कुळ्यापर्यंत उतरताना चढ-उतार चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर गेलं की एक मीटर उंची. त्यांच्या आठवणीत घाटात वायडी होत्या, एक पुढून ओढणारी आणि एक मागून रेटणारी. भट्टीत कोळसा कसा पसरायचा, हे त्यांनी पाटावर बसूनच हातवारे करून दाखवलं. मध्ये जाड ढीग नको, कडेला पातळ थर नको, नाहीतर वाफ पडते. ऐंशीचा माणूस, पण खांदे अजून त्या फावड्याच्या लयीत हलत होते.

परतीच्या गाडीसाठी ते स्टेशनपर्यंत आले. फलाटाच्या टोकाला उभं राहून त्यांनी दोन्ही हात पसरले, थोडे जवळ आणले, पुन्हा किंचित लांब नेले आणि थांबले.

“एवढं होतं बघ अंतर,” म्हणाले. हात थरथरत होते, तरी गाडी येईपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.