खरवडलेलं नाव

अण्णा तलाठी होते. एखाद्या उताऱ्याचा संशय आला की कागद खिडकीकडे तिरका धरायचे. ब्लेडनं खरवडलं की तिथं कागद पातळ होतो आणि वर लिहिलेली शाई फुटते.

२०१८ च्या डिसेंबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘कोडेक्स अमिआटिनस’ पाहिलं. संत जेरोमनं लॅटिनमध्ये आणलेल्या बायबलची ही सगळ्यात जुनी संपूर्ण प्रत. पुस्तक कसलं, ट्रंकच! हजारावर पानं, पाचशेच्या आसपास वासरांची कातडी, वजन ३४ किलोच्या वर. मुक्काम फ्लॉरेन्सला, त्याआधी टस्कनीतल्या मॉन्ते अमिआताच्या मठात. त्यामुळे ते इटलीतलंच, असं सगळे शतकानुशतकं धरून चालले होते.

घरी येऊन अर्पणाचं पान लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. ‘लोंबार्डांचा पीटर, दूरच्या टोकाकडून आलेला मठाधिपती’. लोंबार्ड म्हणजे इटलीतलेच लोक. पण नावाखाली खाडाखोड.

रात्री अण्णांना फोन लावला. “अगं, पण टस्कनी तर रोमच्या शेजारीच ना? मग दूरचं टोक कुठलं?”

अगदी हेच! नाव फिरवणाऱ्यानं ‘दूरचं टोक’ तसंच ठेवलं. १८८० च्या दशकात दे रॉस्सी या इटालियन विद्वानानं खालचं नाव ओळखलं: चेओलफ्रिथ. हा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वेअरमाउथ-जॅरो या जोडमठांचा प्रमुख. इतिहासकार बीड त्याच्याच हाताखाली वाढला. चेओलफ्रिथनं अशी तीन बायबलं करवून घेतली, दोन आपल्या मठांना, तिसरं, म्हणजे हेच, रोमला. ७१६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते घेऊन स्वतः निघाला आणि वाटेत फ्रान्समध्ये लांग्रला वारला.

“नक्कल आहे का कुठं?” अण्णांचा पुढचा प्रश्न.

होती. चेओलफ्रिथचं चरित्र त्याच्याच मठातल्या कुणीतरी लिहून ठेवलेलं, त्यात अर्पणाच्या ओळी मूळ नावासकट. फेरफार तिथंच रद्द!

बाकीच्या दोन बायबलांतली मात्र काही सुटी पानंच उरलीत. त्यांतली काही एका इंग्रज जमीनदार घराण्याच्या कागदपत्रांना वेष्टण म्हणून वापरलेली सापडली. मी हळहळत सांगितलं. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

“दप्तराला चांगलंच की,” म्हणाले. “कातडं टिकतं.”