काळ्या मोहऱ्यांसाठी बचाव निवडताना

सोलापुरात दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटावर बसणाऱ्या माझ्यासारख्या हौशी खेळाडूने पांढऱ्याच्या ई४ या चालीला (राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे) कारो-कान बचावाने, म्हणजे सी६ या प्याद्याच्या चालीने, उत्तर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. सिसिलियन बचाव, म्हणजे ई४ ला सी५ ने उत्तर, अधिक झुंजार आहे. पण त्याच्या कित्येक शाखांत एक चाल विसरली तरी राजा संकटात सापडतो, आणि तेवढे पाठांतर रोजच्या धबडग्यात टिकत नाही. फ्रेंच बचावात, म्हणजे ई६ ने उत्तर दिल्यास, काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट ई६ वरच्या प्याद्यामागे बराच काळ कोंडून राहतो. कारो-कानमध्ये मात्र सी६ आणि डी५ या चालींनंतर पांढऱ्याने ई५ खेळून प्यादे पुढे रेटले, तरी तो उंट आधी एफ५ वर बाहेर काढून मगच ई६ खेळता येते आणि पुढे सी५ ने केंद्रावर घाव घालता येतो. ही योजना पाठ न करताही उमगते. सोव्हिएत विश्वविजेता बोटविनिकने १९५८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या फेरलढतीत स्मिस्लॉव्हविरुद्ध हाच बचाव वापरला होता. पानोव्ह हल्ल्याचा (पांढरा डी५ वर प्याद्यांची मारामारी करून सी४ खेळतो, त्या शाखेचा) अभ्यास मात्र वेगळा करावा लागतो, कारण तिथे पांढऱ्याचे डी४ वरचे प्यादे अनेकदा एकाकी पडते आणि त्याच्यापुढचे डी५ हे घर घोड्याने रोखून धरण्याचे तंत्र अंगवळणी पडायला वेळ लागतो.